वाचकांचे प्रश्न : वैमानिकांची निवड आणि न्याय

विमान कंपन्या वैमानिक कसे निवडतात याविषयी गेल्या अंकात लिहिल्यानंतर जी पत्रे आली त्यांत चौकशीपेक्षा तक्रारीच अधिक होत्या, आणि त्याचे मला नवल वाटले नाही. प्रशिक्षणासाठी घरदार पणाला लावलेल्या उमेदवाराला नकाराचे दोन ओळींचे पत्र येते आणि त्यात कारण लिहिलेले नसते. मग कारणे तो स्वतःच शोधू लागतो. निवड समितीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे कमर्शियल पायलटचा परवाना आणि २२० उड्डाणतास आहेत. एका कंपनीच्या निवडीत लेखी परीक्षा आणि गटचर्चा पार केल्यावर सिम्युलेटरच्या (जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधल्या) फेरीत मी बाद झालो. माझ्या जोडीच्या उमेदवाराने त्याच विमानाचे टाइप रेटिंग स्वखर्चाने आधीच केलेले होते. मी त्या कॉकपिटमध्ये आयुष्यात प्रथमच बसलो होतो. ही स्पर्धा बरोबरीची म्हणायची का?

उत्तर : बरोबरीची नव्हती, हे आधीच मान्य करतो. ती अन्यायाची होती का, हे मात्र दोन गोष्टींवर ठरेल : कंपनीने जाहिरातीत काय म्हटले होते, आणि परीक्षक त्या फेरीत नेमके काय मोजत होते.

टाइप रेटिंग म्हणजे विशिष्ट जातीचे विमान चालवण्यासाठी परवान्यावर होणारी स्वतंत्र नोंद. ती असलेला माणूस कंपनीला लवकर कामाला लावता येतो आणि त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च वाचतो. ज्या कंपनीला तातडीने माणसे हवी आहेत तिने ‘टाइप रेटिंग असलेलेच उमेदवार हवेत’ असे उघड लिहिले, तर त्यात गैर काही नाही. आपण अर्जच केला नसता. ‘टाइप रेटिंग आवश्यक नाही’ असे छापायचे, सर्वांकडून परीक्षेचे शुल्क घ्यायचे आणि आत गेल्यावर ते असलेल्यांनाच झुकते माप द्यायचे, ही मात्र फसवणूक आहे. आपली जाहिरात पुन्हा एकदा वाचून पाहा.

आता मोजमापाविषयी. या फेरीत बहुधा दोन उमेदवार एकत्र बसतात. एक जण उडवतो, दुसरा त्याला साहाय्य करतो, आणि अर्ध्या वेळाने भूमिका बदलतात. उड्डाण, चढण, तीव्र वळणे, घिरट्यांचा ठरलेला पट्टा, आणि ऑटोपायलट न लावता हाताने उडवत उपकरणांच्या आधारे धावपट्टीकडे उतरणे असा साधारण क्रम असतो. परीक्षक मागच्या खुर्चीवर कागद घेऊन बसलेला असतो. मी त्या खुर्चीवर असताना नेमकी आपल्यासारखीच एक जोडी समोर आली होती. टाइप रेटिंग असलेल्या तरुणाची पहिली दहा मिनिटे डोळ्यांना सुखावणारी होती. दुसऱ्याने पहिल्याच तीव्र वळणात ३०० फूट उंची घालवली, पण घालवताना तो मोठ्याने म्हणाला, “उंची जाते आहे, दुरुस्त करतो.” पुढच्या वळणात १५० फूट गेले, तिसऱ्यात जेमतेम ५०. नंतर मी दोघांनाही आयत्या वेळी धावपट्टी बदलून दिली. पहिल्याने शेजारच्याला एक शब्दही न सांगता स्वतःच सगळी बटणे फिरवायला घेतली आणि त्या गडबडीत वेगाकडे त्याचे दुर्लक्ष झाले. दुसऱ्याने कामे वाटून दिली, ती होईपर्यंत नजर उपकरणांवरच ठेवली, आणि विमान काहीसे वेडेवाकडे का होईना, उतरवले. आम्ही दुसऱ्याला घेतले.

हे उदाहरण मी सोयीचे म्हणून निवडले आहे, हे कबूल करतो. टाइप रेटिंग असलेला उमेदवार निवडला जाण्याचे प्रसंग मी याहून कितीतरी अधिक पाहिले आहेत, कारण ओळखीच्या कॉकपिटमध्ये माणसाचा मेंदू मोकळा राहतो आणि मोकळ्या मेंदूचा माणूस संवादही चांगला साधतो. म्हणूनच ज्या कंपन्या मनापासून बरोबरी साधू पाहतात त्या काही पथ्ये पाळतात. कोणत्या वेगाला विमानाचे नाक क्षितिजाच्या किती वर ठेवायचे आणि इंजिनाला किती शक्ती द्यायची, याचे आकडे त्या उमेदवारांना आठवडाभर आधी पाठवतात. हात बसण्यासाठी गुण न देता काही मिनिटे उडवू देतात. सर्वांना तोच क्रम, तेच वारे आणि तोच बिघाड देतात. दोन परीक्षक एकमेकांशी बोलण्याआधी आपापले गुण लिहून मोकळे होतात. यांतले शेवटचे पथ्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोन कॅप्टन चहाच्या कपावर एकमत करून मग गुण भरू लागले की ज्याचा आवाज मोठा त्याचाच उमेदवार निवडला जातो.

पुढच्या वेळी जाण्याआधी ते आकडे तोंडपाठ करा आणि चूक झाली की ती बोलून दाखवा. तासांवर भाड्याने मिळणाऱ्या सिम्युलेटरवर सराव करता आला तर उपयोग होतो. तोही पैशाचाच खेळ आहे, हे खरे. परंतु या व्यवसायातली मोठी चाळणी निवडीच्या कितीतरी आधी, प्रशिक्षणाची फी भरताना लागून गेलेली असते. आपल्या त्या स्पर्धेत न उतरलेले, कदाचित आपल्या दोघांहूनही सरस असलेले उमेदवार फी परवडली नाही म्हणून परवान्यापर्यंतच पोहोचलेले नसतात. निवडलेल्या मुलांचा शिक्षणखर्च काही अंशी स्वतः उचलून नंतर पगारातून कापून घेणाऱ्या कंपन्या आहेत. न्यायाच्या दृष्टीने ती पद्धत मला उजवी वाटते, कारण तेथे चूक निवड केल्याचे नुकसान निवडणाऱ्यालाही सोसावे लागते.

प्रश्न : माझी मुलगी वैमानिक आहे. मुलाखतीत तिला ‘लग्नाचा काय विचार आहे?’ असे विचारले गेले. त्याच वेळी उंची मोजताना ‘थोडी कमी पडते’ असा शेराही मारला. मुलांना असे विचारतात का? — एक आई

उत्तर : मुलांना विचारत नाहीत, आणि म्हणूनच मुलींनाही विचारता कामा नये. या प्रश्नाला जुना इतिहास आहे. अमेरिकेत हेलन रिची या वैमानिक महिलेला १९३४ च्या अखेरीस एका प्रवासी विमान कंपनीने सहवैमानिक म्हणून घेतले; पण पुरुष वैमानिकांच्या संघटनेने तिला सभासद करून घेतले नाही, खराब हवामानात तिला उड्डाण देऊ नये असा दबाव आला, आणि १९३५ मध्ये तिने नोकरी सोडली. त्यानंतर तिथल्या नियमित वेळापत्रकावर चालणाऱ्या कंपनीत एमिली हॉवेल वॉर्नर यांची वैमानिक म्हणून नेमणूक व्हायला १९७३ साल उजाडावे लागले. ऑस्ट्रेलियात डेबोरा वॉर्डली यांना नाकारताना अन्सेट या कंपनीने बाळंतपण आणि त्यामुळे वाया जाणारा प्रशिक्षणाचा खर्च हेच कारण पुढे केले होते. वॉर्डली समान संधी मंडळाकडे गेल्या, तेथे जिंकल्या, आणि १९८० मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायपीठानेही कंपनीचे म्हणणे फेटाळले. आपल्या मुलीला विचारलेला प्रश्न म्हणजे तोच जुना युक्तिवाद आहे, फक्त आवाज गोड केलेला. प्रशिक्षणाचा खर्च वसूल होण्याची काळजी असेल तर त्यासाठी बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार असतो, आणि तो स्त्री-पुरुष दोघांकडून सारख्याच अटींवर लिहून घेता येतो. नोकरी सोडून अधिक पगाराच्या कंपनीत जाणाऱ्या पुरुषांची संख्या कुठल्याही मुलाखतीत कोणी काढत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

उंचीचे तसे नाही. तिच्यामागे खरे कारण असू शकते. कॉकपिटमधली खुर्ची अशी बसवावी लागते की वैमानिकाचे डोळे एका ठरावीक बिंदूवर येतील. अनेक विमानांत समोरच्या दोन काचांमधल्या खांबावर त्यासाठी छोटे गोळे बसवलेले असतात आणि ते एकमेकांना झाकेपर्यंत खुर्ची वरखाली, पुढेमागे करायची असते. त्या जागी बसून बाहेर धावपट्टी दिसली पाहिजे, आत सगळी उपकरणे दिसली पाहिजेत, आणि रडरचे (विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या पडद्याचे) पेडल शेवटपर्यंत दाबून त्याच स्थितीत पंजाने ब्रेकही पूर्ण लावता आला पाहिजे. उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद पडले तर विमान सरळ ठेवायला पायाची ती पोच लागते.

तेव्हा भिंतीवरच्या पट्टीने उंची मोजणे ही आळशी पद्धत आहे. सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचे धड लांब असते. पट्टीला ते कळत नाही, खुर्चीला कळते. मुलीने लेखी विनंती करावी की आपली पोच प्रत्यक्ष कॉकपिटमध्ये किंवा सिम्युलेटरमध्ये तपासावी. तेथे पाय पुरला नाही तर निकाल स्वीकारावा, पुरला तर तो शेरा खोडायला लावावा. लग्नाच्या प्रश्नाविषयी मनुष्यबळ विभागाला कळवताना तारीख, मुलाखत मंडळातील जागा आणि प्रश्नाचे नेमके शब्द लिहावेत. ‘अपमान वाटला’ एवढेच लिहिले तर ते पत्र फाइलमध्ये पडून राहते.

प्रश्न : कॅप्टनांच्या मुलांना आत ओळखीने घेतात असे सर्रास ऐकू येते. अर्जावर फोटो आणि वडिलांचा व्यवसायही मागतात. हे कशासाठी?

उत्तर : ओळखीने मुलाखतीपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. सिम्युलेटरमध्ये आणि त्यानंतरच्या प्रशिक्षणात ओळख फारशी कामाला येत नाही, कारण तेथे सह्या करणारा परीक्षक स्वतःचा परवाना पणाला लावत असतो. मात्र शंभर अर्जांतून दहा बाजूला काढण्याचे काम बंद खोलीत होते, आणि खरी गफलत तिथे होते. नोकरीतल्या वैमानिकाने कोणाची शिफारस केली तर तिचा अर्थ ‘मी याच्याबरोबर उडालो आहे आणि पुन्हा उडायला तयार आहे’ एवढाच असला पाहिजे. ‘हा माझ्या मित्राचा मुलगा’ हे वाक्य त्यात बसत नाही.

फोटोवरून मार्लन ग्रीन यांची गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकी हवाई दलात बहुइंजिनी विमाने उडवलेल्या या कृष्णवर्णीय वैमानिकाने १९५७ मध्ये कॉन्टिनेन्टल कंपनीकडे अर्ज केला. अर्जातला वंशाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला आणि फोटो लावला नाही. कागदावरच्या अनुभवाच्या जोरावर त्यांना चाचणीसाठी बोलावणे आले. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र कंपनीने त्यांच्याहून कमी तास उडालेल्या गोऱ्या उमेदवारांना घेतले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, १९६३ मध्ये सर्व न्यायाधीशांनी एकमताने ग्रीन यांच्या बाजूने कौल दिला, आणि १९६५ मध्ये ते त्याच कंपनीत रुजू झाले. अर्ज आणि नोकरी यांच्यात आठ वर्षे गेली. ज्या व्यवसायात रुजू होण्याच्या तारखेवर पुढचे सगळे अवलंबून असते, तेथे आठ वर्षांचा अर्थ काय होतो ते पुढच्या उत्तरात येईलच.

ओळखपत्रासाठी फोटो लागतो, पण तो निवड झाल्यावर घेता येतो. वडिलांच्या व्यवसायाचा विमान उडवण्याशी काही संबंध मला तरी सापडलेला नाही.

प्रश्न : माझे वय ५२ आहे. कॅप्टन म्हणून माझे हजारो तास झाले असताना कंपनी बंद पडली. नव्या कंपनीने घेतले, पण यादीत सर्वांत तळाला, सहवैमानिक म्हणून. माझ्या निम्म्या वयाचा मुलगा ज्येष्ठतेत माझ्या वर आहे. अनुभवाला काहीच किंमत नाही का?

उत्तर : आपल्या जागी मीही कडवट झालो असतो. तरीही ज्येष्ठता यादीची पद्धत का टिकली आहे ते सांगतो. ज्या कंपन्यांत ती पाळली जाते तेथे कोणते विमान, कोणते ठाणे, कोणत्या ड्यूट्या, दिवाळीची सुट्टी कोणाला, कॅप्टनपदाची पाळी कधी आणि मंदीत आधी घरी कोण जाणार, हे सगळे एका क्रमांकावर ठरते. हा क्रमांक कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेवरून मिळतो. एकाच दिवशी रुजू झालेल्यांत कुठे वयाने थोरला आधी धरतात, कुठे चक्क चिठ्ठ्या टाकतात. पद्धत आंधळी आहे आणि तिचे समर्थक तोच तिचा गुण मानतात. विमानात बिघाड आहे म्हणून उड्डाणास नकार देणाऱ्या कॅप्टनला साहेबाची मर्जी गेल्याने बढती गमावण्याची भीती राहत नाही. गुणांवर बढती द्यायची म्हटले की गुण देणारा कोण, हा प्रश्न येतो, आणि इंधन जास्त घेणारा किंवा हवामान बघून परत फिरणारा वैमानिक त्याच्या नजरेत ‘महागडा’ ठरण्याचा धोका असतो.

या पद्धतीचा जाच नेमका आपल्यासारख्यांना होतो : नोकरी बदलली की क्रमांक शून्यावर. त्यात आंतरराष्ट्रीय व्यापारी उड्डाणांत वैमानिकाची वयोमर्यादा ६५ आहे. २००६ पूर्वी ती कॅप्टनसाठी ६० होती. म्हणजे आपल्या हाती १३ वर्षे आहेत, आणि तळापासून कॅप्टनपदापर्यंत यायला त्यातली किती जातील हे कंपनीच्या वाढीवर अवलंबून आहे. वाढती कंपनी असेल तर तीनचार वर्षांत गणवेशावर कॅप्टनची चौथी पट्टी मिळालेले लोक मी पाहिले आहेत. साचलेल्या कंपनीत १५ वर्षे थांबलेलेही पाहिले आहेत. काही कंपन्या अनुभवी माणसांना थेट कॅप्टन म्हणून घेतात. आपल्याला ते न्यायाचे वाटेल, पण त्याच कंपनीत दहा वर्षे सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत बसून पाळीची वाट पाहणाऱ्याला विचारून पाहा. अशी थेट भरती करण्याआधी आतल्या पात्र सहवैमानिकांना संधी दिली गेली होती का, एवढी एक अट पाळली तरी दोन्ही बाजूंचा राग निम्मा होईल असे माझे मत आहे. ज्येष्ठता न मोडता अनुभवाची किंमत करण्याचा एक मार्ग पगाराचा आहे : क्रमांक तळाचा, पण वेतनश्रेणी अनुभवाप्रमाणे. वाटाघाटीत आपण तो विषय काढावा. रुजू होण्याची तारीख मात्र कोणत्याही कारणाने पुढे ढकलू देऊ नका.

प्रश्न : प्रशिक्षणात मी दोन चाचण्यांत पहिल्या वेळी नापास झालो, दुसऱ्या वेळी पास. अर्जात हे विचारले आहे. मित्र म्हणतात, लिहू नकोस, लिहिणारे बाद होतात. खोटे बोलणारा आत आणि खरे बोलणारा बाहेर, हा कुठला न्याय?

उत्तर : आपल्या मित्रांना दोन अपघातांची माहिती द्या.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतील बफेलो शहराजवळ कोल्गन कंपनीचे विमान कोसळून ५० माणसे गेली. विमानाचा वेग घटला, विमान उचल गमावत असल्याचा इशारा मिळाला, आणि कॅप्टनने दांडा पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला. चौकशीत निघाले की हा कॅप्टन आधी अनेक चाचण्यांत नापास झाला होता आणि नोकरीच्या अर्जात त्याने त्या सगळ्या नोंदवल्या नव्हत्या. २३ फेब्रुवारी २०१९ रोजी टेक्ससमध्ये ॲटलस कंपनीचे मालवाहू बोइंग ७६७ पडून तिघे गेले. तेथेही सहवैमानिकाने आधीच्या कंपन्यांतले प्रशिक्षणातले अपयश लपवलेले होते.

पहिल्या अपघातानंतर तिथल्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. सहवैमानिकालाही साधारण १५०० तासांची अट घातली. ती २०१३ पासून लागू झाली, आणि लष्करी वैमानिकांना किंवा विमानविद्येच्या पदवीधरांना तीत सवलत ठेवली. जगात इतरत्र सहवैमानिक २०० तासांच्या आसपासही उजव्या खुर्चीत बसतो. गंमत अशी की कोल्गनच्या त्या विमानातल्या दोघांचेही तास १५०० च्या पुष्कळ वर होते, त्यामुळे या अटीने तो अपघात टळला असता असे म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वैमानिकांच्या चाचण्यांची एकत्रित नोंद ठेवणारी यंत्रणा. तिचे काम रेंगाळले, दुसरा अपघात झाला तेव्हाही ते पुरे झालेले नव्हते, आणि अंतिम नियम निघायला २०२१ साल आले. माझ्या मते दोन्हींत मोलाची हीच होती, आणि उशीर नेमका तिलाच झाला.

निवड समितीत बसून मी जे पाहिले ते असे : पहिल्या वेळी नापास झालेल्या चाचण्यांचा उल्लेख असलेला अर्ज आम्ही बाजूला ठेवत नसू, त्यावर प्रश्न विचारत असू. एक वाऱ्यात उतरताना, दुसरी नेव्हिगेशनमध्ये, अशा वेगवेगळ्या कारणांच्या दोन चुका शिकाऊ माणसाच्या असतात. तीच चूक तीन वेळा, वेगवेगळ्या परीक्षकांपुढे, दबाव वाढल्यावर, असे दिसले की आम्ही थांबत असू. लपवलेले अपयश नंतर उघड झाले तर मात्र चर्चेला जागाच उरत नसे.

काही कंपन्या ‘एकही अपयश नको’ अशी सरसकट अट ठेवतात, हे मला ठाऊक आहे, आणि ती अट मला चुकीची वाटते. तिने उत्तम वैमानिक मिळतात असे नाही. चांगले लपवणारे मिळतात, आणि नापास करायला कचरणाऱ्या मवाळ परीक्षकाच्या हाताखाली शिकलेल्यांना फुकटचा फायदा होतो. आपण अर्जात दोन्ही चाचण्या तारखेसह लिहा. प्रत्येकीपुढे एका वाक्यात काय चुकले आणि एका वाक्यात ते कसे दुरुस्त केले हे लिहा. परीक्षकाला दोष देऊ नका, ‘हवामान खराब होते’ हे शब्द टाळा. मुलाखतीला जाताना लॉगबुकातली ती पाने खुणेसह तयार ठेवा, कारण पहिला प्रश्न बहुतेक तिथूनच येईल.